कामचोर

स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीत रात्री पावणेतीनला
वारा फिरला की चॉकलेटच्या कारखान्याचा वास येतो,
आणि आमच्या बिनखिडकीच्या इमारतीत
चारशे सर्व्हर एका सुरात घोरत असतात.
घोरतात म्हणजे राबतात, पण सगळे सारखे नाहीत:
एकाच्या रांगेत नऊशे कामं,
शेजारचा नुसता गरम हवा सोडत बसलेला.

आधी आम्ही वर एक मुकादम बसवला होता.
तो सगळ्यांची खबर ठेवायचा,
पण खबर पोचेपर्यंत शिळी व्हायची.
सतरा नंबर मोकळा आहे, कळलं रे कळलं
की सगळा लोंढा सतरावर,
आणि सतरा आडवा.

मुकादम काढला.
आता नियम एवढाच:
ज्याचे हात रिकामे, त्याने उठावं,
कुठलंही एक दार ठोठावावं,
आत काम पडलेलं असेल तर चोरावं.
नसेल तर दुसरं दार.
आणि चोरायचं ते पलीकडच्या टोकाने;
मालक अलीकडून उचलत असतो,
त्याच्या हाताला हात लागता कामा नये.

आमच्याकडे कामचोर ही शिवी आहे,
हे इवान प्रॉदरोला सांगितलं तेव्हा तो डोळे पुसेपर्यंत हसला.
म्हणाला, माझा आजोबा वेल्सच्या खाणीत पक्का चोर होता,
दमलेल्याच्या ढिगात फावडं घालायचा.

मार्चमध्ये त्याची बायको गेली.
नवव्या दिवशी तो रात्रपाळीला हजर.
काय बोलायचं ते आमच्यात कुणालाच येत नव्हतं,
ज्यांची भाषा इंग्रजी त्यांनाही.
त्याच्या नावावर एकतीस तक्रारी.
तो वरची एक उघडायचा आणि बघत राहायचा.
चारला पाहिलं तर सव्वीस.
मी दोनच घेतल्या होत्या.
समोर हालिना, मान खाली,
कीबोर्ड जरा जास्तच हळू वाजवत.

पाचच्या सुमारास हीथ्रोचं पहिलं विमान छतावरून गेलं.
इवानने यादी तळापर्यंत सरकवली,
पुन्हा वर आला.
"यंत्राची मोजणी चुकतेय," म्हणाला
आणि किटली भरायला उठला.
तीन कप काढले. मग चौथा,
दारावरच्या ओसेईसाठी,
ज्याला आमच्या यंत्रणेचा पासवर्डही माहीत नाही.
त्याच्याकडेही संशयाने बघत
साखर किती, विचारलं.