मागे लागलेले शब्द

हल बंदरावर, पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या कारखान्यात
दांगुओले जूनपासून टीम लीड आहे.
चौदा माणसं, पंचाहत्तर मीटरचं एकेक पातं,
आणि लॉकरच्या दाराला आतून चिकटवलेली यादी:
टेक ऑन म्हणजे अंगावर घेणं.
कॅरी आउट म्हणजे पार पाडणं,
बाहेर काही वाहून न्यायचं नसतं.
फॉलो अप म्हणजे पाठपुरावा. वर कुणी जात नाही.

तिच्या लिथुआनियनमध्ये असले चिमुकले शब्द
क्रियापदाच्या पुढे चालतात, कंदील धरून.
इथे ते मागे लागतात
आणि शेवटच्या क्षणी अर्थ फिरवतात.
आपल्याकडे नाही का,
बसणं वेगळं
आणि बोलून बसणं वेगळं.

गुरुवारच्या वर्गातली ग्लेनिस बाई म्हणते,
नियम नाही गं याला, सवय लागते.
सवय लागते, नोकरी लागते, ठेचही लागते.

ऑक्टोबरात वरून कागद आला.
त्यावर एकच नाव, नॉर्मन ब्लँचर्ड, वय एकोणसाठ.
रेझिन मुरलं की नाही ते वासावरून ओळखायला
त्यानंच तिला शिकवलं होतं.
ती बाथरूमच्या आरशासमोर घोकत राहिली,
ले ऑफ, ले ऑफ, ले ऑफ.

आणि केबिनमध्ये, चहा निवत असताना, म्हणाली,
"नॉर्मन, वुई आर लेटिंग यू ऑफ."

लेट ऑफ म्हणजे माफ केलं.

नॉर्मनचे खांदे एकदम सैल पडले.
सप्टेंबरात त्याच्या हातून साचा तडकला होता,
तेव्हापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.
"थँक यू, लव्ह," तो म्हणाला,
"हिला कळवतो आधी, रात्र रात्र जागी असते."
आणि त्यानं मोबाइल काढला.

चूक तिला तेव्हा कळली.
तिनं टेबलावरून हात लांबवला
आणि मोबाइलच्या पडद्यावर तळवा ठेवला.
मग यादीत नसलेल्या, साध्या, तुटक शब्दांत
सगळं सांगितलं.

बाहेर क्रेन सरकल्याचा आवाज. बराच वेळ.

"मग ते ले ऑफ," नॉर्मन म्हणाला. "लेट नाही."
ग्लेनिस बाईसारखाच, हळू, समजावून.
उठला, खुर्ची आत सरकवली,
दारापाशी थांबला.
"पण साच्याचं जे बोललीस,
ते तेवढं राहू दे."