भरवशाची धार

पहिला फवारा सलूनमधला.
कुडचड्याच्या बाजारात पुरसोने काढून दिला :
मिशीला चालतो, मग दगडाला का नाही?
धार कसली, नुसतं धुकं.
गोएथाइटच्या काळ्या घोसावर दव पडलं तेवढंच,
आणि फटीतली माती
मऊ होऊन आणखी आत सरकली.

दुसरा काजूच्या मोहरावर मारायचा,
पाठीवरचा पितळी पंप.
त्याच्या पोटात जुनं औषध राहिलं होतं.
क्वार्ट्झवर निळसर साय धरली,
ती अजून आहे.

तिसरा स्कूटर धुणाऱ्या गॅरेजातला.
मँगनीजच्या सुया होत्या, केसाहून बारीक,
खाणीवरून मफलरमध्ये गुंडाळून आणलेल्या.
पोराने चाप ओढला आणि
सुया गटारात.
काका, झाला ना साफ?
झाला रे बाबा.

बायको म्हणाली, भरवशाच्या म्हशीला टोणगा.
एवढंच म्हणाली आणि
माझा चहा कपाटातल्या दगडांसमोर ठेवून गेली.

मग मडगावात कायतान कुलासो भेटला.
चाळीस वर्षं ड्रायक्लीनिंग.
लग्नाच्या सूटवरचा वाईनचा डाग
तो एका पिस्तुलाने उडवायचा :
हातात मावेल एवढं, पोटाखाली पाण्याची बाटली,
चालू केलं की गांधीलमाशीसारखं घरघरतं.
विकायचं नव्हतं त्याला.
आधी माझा दगड बघितला, नखाने खरवडला,
खिशातला चष्मा काढून पुन्हा बघितला.
मग म्हणाला, रेशमासारखं धर याला.
धार सरळ मारू नकोस, तिरकी मार.
नळाचं पाणी नको, क्षार बसतात,
बॅटरीवाल्याकडचं आण.
मागचा स्क्रू पाव आटा फिरव, जास्त नाही.
आणि कोरडं चालवलंस तर मेलं समज.
काम झालं की तेल. चार थेंब. विसरलास तर
माझ्याकडे परत येऊ नकोस.

दोन महिने झाले, बिघडलेलं नाही.
मागच्या पडवीत प्लास्टिकचं घमेलं,
डोळ्यांना वेल्डरचा चष्मा,
आणि घमेल्यात ते लाल पाणी
जे एके काळी ट्रकांच्या चाकांखालून वाहत
आमच्या दारातून जायचं.
शेजारची फिलू कपडे आत घेते
माझी घरघर ऐकली की.

काल खोक्याच्या तळातला एक काढला.
मुठीएवढा, चिखलाने पार बुजलेला,
कुठला, कधीचा, काही आठवेना.
पाव आटा. तिरकी धार.
आधी एक चकाकी, मग बुडबुड्यांसारखे गोल,
मग पांढऱ्या रंगाचा एक ठिपका
आणि त्यावर काळ्या शाईत :
र-४१७.

चाप सोडला.

चारशेसतरा. रिवणचा नमुना.
प्रयोगशाळेत पोचलाच नव्हता.
वहीत मी लिहिलं होतं, वळणदार अक्षरात :
गहाळ. हमाल जबाबदार.
हमाल बुधो वेळीप.
दीड दिवसाचा पगार कापला त्याचा.
तो काही बोलला नाही,
नुसता दोन्ही हात उघडून दाखवले,
आणि मी त्या हातांकडे न बघता
पुढचा नंबर पुकारला, चारशेअठरा.

माझ्या पिशवीत होता.
माझ्याच डब्याखाली, ओल्या मातीत,
घरी आला, खोक्यात गेला,
आणि सव्वीस वर्षं त्या मातीने
शाईचा एक ठिपकाही पुसू दिला नाही.

आणखी अर्धं मिनिट धार धरली असती
तर आकडा निघून गेला असता.
पिस्तूल चांगलं आहे. कायतान खरं बोलला.
बोट चापावर होतं, हेही लिहून ठेवतो.

तेल घातलं. चार थेंब.
घमेलं माडाच्या बुंध्याशी ओतलं.
बुधो रिवणला असेल, किंवा नसेल,
सकाळची बस साडेसातला आहे.
दगड खिडकीत ठेवलाय, आकडा वर करून.
ओला असताना कागदात गुंडाळू नये,
शाई कागदाला लागते.