अठ्ठेचाळीस किलो

पहिल्यांदा कलंडले ती देवगडच्या बंदरातच,
जेटीपासून हाकेच्या अंतरावर,
बर्फाच्या लाद्या उतरवणारी पोरं बघत असताना.
दोन पोटांची होडी एका कुशीवर झाली,
एक पोट हवेत, एक पाण्यात,
डोलकाठी आडवी.
पोरं हसली. लादी निसटली एकाची.

विश्राम जुवाटकर ओरडले नाहीत.
तीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस
विडी विझेपर्यंत थांबतो.
मग म्हणाले, "आधी दामण सोड.
शिडात पानी धरून ठेवलंस, तर ती उठतली कशी?"

सोडली.
नाळ धरून पाय मारत राहिले
ती वाऱ्याकडे तोंड करीपर्यंत.
वरच्या पोटावरून दोरी घेतली,
खालच्यावर उभी राहिले,
मागे रेलले, पाठ पाण्याला टेकेपर्यंत.
होडी हलली.
विचार केला तिने.
पुन्हा झोपली.

अठ्ठेचाळीस किलो.
कॅनिंगच्या मोठ्या काट्यावर मी स्वतःच उभी राहून बघितलंय,
हंगामात सबंध दिवस क्रेटांची वजनं लिहिते तिथे:
दोन क्रेटं, वर थोडे सुटे आंबे.
होडी एकशे तीस.
भिजल्या शिडाचं किती, त्याची नोंद नाही.

चौथ्या दिवशी जुवाटकरांनी पिशवी आणली,
ताडपत्रीची, घरी शिवलेली,
जुन्या जाळ्याच्या दोरीचे बंद.
"तुझ्यात वजन नाय. समुद्राकडे कमी आसा काय?
तेचाच घे. काम झाला की ओत."

मग डिसेंबर. दुपारचा खारा वारा,
डोंगरावरच्या पवनचक्क्या सगळ्या फिरतायत.
किल्ल्याच्या टोकापलीकडे, जिथून जेटी दिसत नाही,
एका झोताने मला शिडावरून पलीकडे टाकलं.
वर आले. नाकात मीठ.
डोलकाठीचं टोक बुडायला लागलं होतं.
टोक गेलं की ती पुरती पालथी,
आणि पालथीला एक माणूस पुरत नाही.

दामण. नाळ. दोरी.
पिशवी पाण्यात बुडवून भरली.
पाण्यात होती तोवर ती कुणीच नव्हती.
बाहेर ओढली, आणि खांदा कळला मला,
हाडासकट.

रेलले.
काही झालं नाही.
मांड्या थरथरल्या. एक कावळा-मासा,
किंवा पायांचीच सावली असेल, खालून गेली.
काही झालं नाही.
सोडावं असं वाटलं तेव्हाही सोडलं नाही,
यात शौर्य नव्हतं,
बोटं उघडत नव्हती.

मग वाऱ्याने शिडाखाली हात घातला.
टोकाकडून पाणी गळायला लागलं,
आधी थेंब, मग धार, मग सगळं एकदम.
ती हळू येत नाही.
वरचं पोट डोक्याशेजारी येऊन आदळलं.
मी मधली दांडी पकडली, लोंबकळत,
कारण उभी झाली की तिला निघायची घाई,
माझ्याशिवायसुद्धा.

चढताना गुडघे सोलले.
जाळीवर पालथी पडून राहिले थोडा वेळ.
गळ्यात पिशवी अर्धी भरलेली तशीच.
काठावरून उलटी केली.
एवढंसं पाणी होतं ते.

जेटीवर जुवाटकर. विडी नव्हती हातात.
"किती येळ लागलो?"
"मोजूक नाय."
"मोज," ते म्हणाले. "पुढच्या खेपेक सुकती आसतली."