मुका खांब

मानवतची थंडी म्हणजे काय, दीड महिना.
तरी माझ्याकडे लोकर उरतेच:
झेडपीच्या गुरुजींच्या मफलरची करडी,
जुळ्यांच्या टोपऱ्यांची पिवळी, तिसरं होणार नाही इतकी,
आणि ती निळी. विहिणीशी बोलणं तुटलं
त्या वर्षीच्या स्वेटरची. एक बाही झाली होती.

साखळी, खांब, खांब, मुका खांब.
दोन चौकोन जोडून पोटात कापूस भरते,
रझियानं जिनिंगवरून आणलेला, मधेच एखादी सरकी.
"निवडून घे," म्हणाली, "नाहीतर मिरगात उगवंल पांघरूण."
टम्म फुगतात, पुरीसारखे.
निळा तेवढा बसका राहतो, कितीही कोंबा.

रात्री लाईट गेली.
मांडीवर निम्मं पांघरूण, सुई चालूच.
रंग कुठले दिसायला, बोटांनीच चाचपलं:
करडी टोचते, पिवळी निसटते,
निळी मऊ.
महागाची होती, नांदेडहून आणलेली.

सकाळी बाही उसवली सगळी.
उसवलेली लोकर कुरळीच राहते
वाफ दिली तरी.
अजून चार चौकोन निघतील.
मधोमध लावावेत का कडेला,
विहिणीलाच विचारावं म्हणते.
रंगातलं तिला कळतं.