तळ

सलमाबादच्या सात नंबर गल्लीत
पत्र्याच्या शेडखाली
एक गाडी उभी आहे जिला जमीन नाही.

एकतीस सालची, खलीलसाहेब सांगतो.
दार उघडून आत वाकलं तर
थेट शेडची फरशी दिसते,
ग्रीसचे डाग, टेकबहादूरची एक चप्पल.
मूळचं खाली लाकूड होतं म्हणे.
कुठल्याशा परमुलखातल्या पावसानं ते खाल्लं.
उरलेलं मी शनिवारी झाडून काढलं,
दोन घमेली भुसा.

साहेबाला गाडी बुटकी हवी.
म्हणजे चाकं तिथंच, चॅसी तिथंच,
बॉडी तेवढी चार इंच खाली घ्यायची
चॅसीच्या अंगावरून,
ओला सदरा ओढून नीट करावा तशी.
मी तीनदा समजावलं, साहेब,
बाहेरून जितकं उतराल
तितकी आतली जमीन वर येईल.
तो म्हणाला, अजून अर्धा इंच.

आधी दारं लावून घेतली.
मग आत आडव्या-तिरप्या पट्ट्या टाचल्या,
कारण जुन्या पत्र्याचा आधार काढला
की तो आपल्या मनानं पसरतो,
आणि मग दार जन्मात लागत नाही.
त्यानंतर इंची चौकोनी पाइप,
दोन उभे, पाच आडवे.
टेप या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
मग उलट्या कोपऱ्यातून.
दोन्ही आकडे एक आले तर चौकट खरी.
नाहीतर दिसायला चौकट, आतून पतंग.
चौथ्या खेपेला आले.

टेकबहादूर बघत बसला. म्हणाला,
उस्ताद, ही तर होडी.
त्यानं समुद्र पाहिला तोच मुळी इथं येऊन.
मी दाभोळचा होडेकर, गप्प राहिलो.
आजा पठाण घालायचा खाडीच्या काठाला,
वर वांक, वांकांवर फळ्या,
फटींत कापूस ठासून राळ.
पाणी आत येऊ नये एवढंच त्याचं म्हणणं.
इथं रस्ता आत येऊ नये.

पत्रा अठरा गेजचा. सलग वेल्ड मारला
तर पापडासारखा फुगतो.
म्हणून एक टाका इथं, एक पार तिकडं,
मध्ये चहा.
ऑगस्टात दुपारी लोखंडाला हात लावून दाखवा.
आम्ही रात्री दोनला सुरू करायचो,
फजरच्या अजानला उजवी बाजू झालेली असायची
आणि माझ्या डोळ्यांत वाळू.

गुरुवारी साहेब आला.
इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आत बसला,
रंगाच्या डब्यावर.
सहा फूट दोन इंच माणूस.
डोकं छपराला, गुडघे कानाशी.
कुणी हसलं नाही.
टेकबहादूर गल्लीत जाऊन हसून आला.

मग कापलं.
माझाच टाका, माझाच पत्रा, नऊ रात्रींचा.
चॅसीच्या दोन दांड्यांमधून
बैठकीला एक खळगा घेतला, पसरट, परातीसारखा,
आणि पुढं टाचांसाठी दोन,
खोल, अगदी रस्त्याच्या तोंडाशी.
साहेब म्हणाला, यावर गालिचा येणार,
इतकं कशाला घासतोस?
मी ग्राइंडर चालूच ठेवला.
आवाजात ऐकू आलं नाही, असं समजू द्या.

बावीस वर्षं झाली या बेटावर तळ ठोकून.
व्हिसा अकरा वेळा नवा झाला.
पत्त्याच्या जागी अजून गॅरेजचा पोस्ट बॉक्स लिहितो.

काल पहाटे सगळे नमाजला गेले,
मी जरा मागे राहिलो.
दार उघडलं, दार लागलं,
करंगळीच्या नखाएवढी फट, दोन्हीकडे सारखी.
आत त्या परातीत बसलो,
स्टिअरिंग नव्हतं, हात नुसते मांडीवर,
आणि पाय पुढं सोडले.

साहेबाच्या मापाचे खळगे.
माझ्या टाचा तळाला टेकल्या नाहीत.

किती वेळ बसलो कोण जाणे.
टेकबहादूर डबा हलवत आला, म्हणाला,
उतरा उस्ताद,
खालून डांबर मारायचंय.