वरातीमागून घोडं

क्लाक्सविकच्या बंदर कचेरीत रात्रीचे सव्वाअकरा.
हीटरवर वाळत घातलेले मोजे,
खिडकीवर वारा डोकं आपटतोय,
आणि रान्व्हाच्या पडद्यावर एक्केचाळीस ओळी,
सगळ्यांचा सूर एकच:
नाव ऐकलंय, माणूस सापडत नाही.

कंपायलरनं कधीच मान डोलावली होती.
त्याचं काय, त्याला हेडरमधला शब्द पुरतो;
प्रवाह मोजणारं फंक्शन आहे म्हटलं
की आहे. पुढचं पुढे.
लिंकर मात्र वधूपक्षाच्या मामासारखा:
पत्रिका राहू द्या, मुलगा दाखवा.

लायब्ररी आहे. तिनंच बसवली, दुपारी, जेवणाआधी.
नाव ‘सुंद’, म्हणजे सामुद्रधुनी.
फोल्डर उघडून पाहते: आहे.
आतल्या नावांची यादी काढते: तिथेही आहे,
अक्षर न् अक्षर तेच.
काढते, पुन्हा बसवते.
मार्ग मुळापासून पूर्ण लिहून देते.
चौसष्ट बिटांचीच ना? हो.
जुनी ऑब्जेक्ट फाईल? पुसली.
एक्केचाळीस.
काखेत कळसा घेऊन फिरणाऱ्या बाईला
गावानं हसावं, तर गाव झोपलेलं.

सकाळी सहाला सुन्लाइफची बोट सुटणार.
त्याला प्रवाह फिरायची वेळ हवी.
‘नाही जमलं तर राहू दे,’ तो म्हणाला होता,
‘पाण्याकडे बघून सांगतो मी.’
चांगल्या मनानं म्हणाला.
तेच जास्त लागलं.

शेवटी याकुपला फोन.
सुंद त्यानं लिहिलेली,
एकतीस वर्षं याच खुर्चीत बसून;
उजव्या हाताकडचं लाकूड अजून त्याच्या कोपराच्या आकाराचं.
तो जागा होता. वाळवलेलं मटण कापत होता,
हाडावर सुरी ऐकू येत होती.
सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला,
‘आज्ञेची ओळ वाच. आहे तशी.’
तिनं वाचली: आधी सुंद, मग तिची फाईल.
सुरी थांबली.

‘अगं, तो यादी एकदाच वाचतो, डावीकडून.
सुंदच्या दाराशी आला
तेव्हा कुणाचीच मागणी नव्हती त्याच्या हातात.
ढुंकूनही न बघता पुढे गेला.
मग आली तुझी फाईल, एक्केचाळीस मागण्या घेऊन,
आणि मागे वळणं त्याच्या स्वभावात नाही.
मागणारा आधी. देणारा नंतर.’

म्हणजे इथे घोड्यानं
वरातीमागूनच यायचं.

तिनं दोन शब्दांच्या जागा बदलल्या.
एक्केचाळिसांचा एक झाला.
‘कोसाईन,’ ती म्हणाली.
‘ते मला लागतं,’ शेजारणीकडे साखर मागावी तसा याकुप,
‘गणिताची लायब्ररी. माझ्याही नंतर घाल. अगदी शेवटी.’

मग काहीच आलं नाही.
लिंकर खूश झाला की बोलत नाही.
प्रिंटरनं एक कागद ओकला:
सहा वाजून बावीस, पाणी स्थिर.

मार्चमध्ये याकुप निवृत्त झाला
तेव्हा कचेरीनं रुबार्बचा केक आणला होता.
साहेब म्हणाले, काही विचारायचं असेल
तर आताच विचारून घ्या याला.
कुणाला काही विचारायचं नव्हतं.
रान्व्हा रुजू होऊन आठच दिवस झालेले;
तिला अजून मग कुठल्या कपाटात असतात
तेही ठाऊक नव्हतं.
केक संपला. कोट चढवून तो
जिन्यावरून एकटाच उतरला,
कठडा न धरता.

‘झालं?’ फोनवर तो विचारतो.
सुरी अजून सुरू झालेली नाही.
‘झालं,’ ती म्हणते. आणि मग, ‘थांबा.’
प्रश्न तिच्याकडे नाही.
कागदावर शोधते, पडद्यावर शोधते,
मोज्यांकडे बघते.
‘ही खुर्ची फार कुरकुरते हो.
तुम्ही काय करायचात?’

‘कुठल्या बाजूनं?’ याकुप म्हणाला.