जुळणारे नंबर

शनिवारी लीजन हॉलात माझं टेबल
कॉफीच्या भांड्याला लागून असतं.
हिरवं फेल्ट, भिंग, पितळी मोजपट्टी, सुती हातमोजे,
आणि माझ्याच गिचमिड अक्षरातली पाटी :
आधी मॅगझिन काढा. मग गोष्ट सांगा.

गोष्ट सगळेच सांगतात.
नेब्रास्काच्या या एका काउंटीला
शरण आलेले जर्मन कर्नल मोजले
तर त्या सैन्यात साधा शिपाई कुणी नव्हताच म्हणायचं.
मी मान डोलावतो.
बंदरावर, परतीच्या बोटीत चढण्याआधी,
सिगारेटच्या दोन कार्टनांना ल्यूगर मिळायचं,
हे मला माहीत आहे
आणि कुणाच्याही मुलाला मी ते अजून सांगितलेलं नाही.

आमच्या धंद्यात गोष्टीला भाव नाही.
कागदाला आहे.
कॅप्टनच्या सहीचा, घडीवर फाटलेला,
‘घरी नेण्यास हरकत नाही’ एवढंच म्हणणारा.
तो असला तर दीडपट.

लोरीन ह्रुश्काकडे कागद नव्हता.
गोष्टही नव्हती.
पावाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेलं नांबू
तिने टेबलावर ठेवलं, बिघडलेला मिक्सर ठेवावा तसं.
“वडलांचं. लुझॉन. पुढे काही बोलले नाहीत.”
मग, मी न विचारता :
“मेमधल्या गारांनी छप्पर गेलं हो.”

शोवा एकोणीस, सहावा महिना.
हरत चाललेल्या कारखान्याची घाई :
कानशीचे ओरखडे पोलादावर तसेच सोडलेले,
मुठीच्या लाकडी पट्ट्यांवर खाचा वेड्यावाकड्या.
अंगावरचा नंबर एक, मॅगझिनवरचा दुसराच.
म्हणजे कुणा दोघांची दोन पिस्तुलं
चिखलात, की ढिगाऱ्यात, एक झालेली.
मी भाव मनात थोडा खाली आणला
आणि हातचा एक राखून ठेवला.

म्यान रबर फासलेल्या कॅनव्हासचं.
आत करंगळीएवढा शिवलेला कप्पा असतो,
जादा फायरिंग पिनचा.
ही पिन हटकून मोडायची, मोक्याच्या वेळी,
म्हणून कारखान्यानेच दुसरी दिलेली.
ती मिळाली तर चाळीस डॉलर वाढतात.

चिमट्याला काहीतरी लागलं. लाकूड.
अशा कप्प्यांतून मी एकदा तांदळाचे सात दाणे काढलेत,
एकदा देवळातली चिठ्ठी.
त्यामुळे चेहरा कसा ठेवायचा ते मला ठाऊक आहे.
तो ठेवून मी भिंग लावलं.

पेन्सिल. पिवळी. दोन पेरांची.
कडेला उरलेली अक्षरं :
...चेक बी-बियाणे व पेंड. फोन ४१.

लुझॉनला हे दुकान नव्हतं.

लोरीनने ती माझ्या हातातून घेतली, हातमोज्याशिवाय.
“सात वर्षांची होते. पेन्सिली कुरतडायचे.
आई छडी घेऊन मागे लागलेली.
वडलांनी ही ओढून घेतली आणि
वर आपल्या खोलीत गेले. मला वाटलं फेकली.”
मग तिने ती आडवी धरली दातांत,
तिथेच, कॉफी घ्यायला आलेल्या तिघांसमोर.
पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला आहे तिचा.
सगळ्यात खोल खड्डा बरोबर तिथे बसला.

वीस वर्षं मी लोकांना ऐकवतोय
की नंबर जुळले पाहिजेत.

कुठली पिन मोडेल म्हणून
ओटाकार ह्रुश्काने ही जपली, देव जाणे.
मी फॉर्म पुढे ओढला.
स्थिती : बरी. मॅगझिन : परकं.
जादा पिन : नाही. वजा चाळीस.
मग राखलेला हातचा मिळवला. छपरासाठी म्हणा.

“हीपण लिहायची का?”
पेन्सिल अजून दातांतच,
त्यामुळे शब्द चेपलेले आले.
मला कळले नाहीत असं मी दाखवलं,
पेनाला टोपण लावलं
आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणालो,
मॅगझिन काढा.